पणजोबांच्या गुडगुडीवर फासलेला हरताळ

१) आजचा धागा लढाईचा नाही, गडाचा नाही आणि ताम्रपटाचाही नाही. तो एका गुडगुडीचा आहे. दिंडोरीला माझ्या आजोळी माळ्यावरच्या जुन्या पेटीत पणजोबांची गुडगुडी होती. खाली नारळाची करवंटी, तिच्यावर खरादावर उतरवलेला कातीव लाकडी दांडा, वर मातीची चिलीम आणि ओढण्यासाठी बाजूला वीतभर लाकडी नळी. दांड्यावर कधीकाळी लाल, पिवळे आणि काळे पट्टे होते. धूळ, धूर आणि हाताचा तेलकटपणा बसून ते सारे जवळजवळ एकाच तपकिरी रंगाचे झाले होते.

२) सोळाव्या वर्षी मला इतिहासाचे वेड लागले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गुडगुडी हाती आली आणि ‘वारसा जपण्याची’ ऊर्मी दाटून आली. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणि वॉर्निशचा लहान डबा आणला. दुपारभर घासले, संध्याकाळी दोन हात दिले. दांडा आणि नळी आरशासारखी चमकू लागली. मोठ्या अभिमानाने मी ती आजीच्या हाती दिली. तिने नळीचे टोक डोळ्यांजवळ नेले, बोटाने चाचपले आणि विचारले, “अगं, मामंजींचे दात कुठे गेले?”

३) पणजोबा नळी दाताखाली धरून ओढत असत. वर्षानुवर्षांच्या सवयीने तिच्या टोकाला दोन खाचा पडल्या होत्या. मला ते लाकडाला आलेले वैगुण्य वाटले, म्हणून मी ते टोक अधिकच मन लावून घासले होते. पणजोबांचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. त्यांच्या देहाची एवढीच खूण उरली होती. ती पुसायला मला फार तर दहा मिनिटे लागली असतील.

४) या धाग्यातील माझे मत सरळ आहे. जुन्या लाकडावरचा थर, म्हणजे लाख, मेण, तेल, धूर आणि हातांचे घासणे यांनी मिळून आलेली झिलई, हा त्या वस्तूचा दस्तऐवज आहे. तिची निगा राखणे म्हणजे ती कोरडी, स्थिर आणि आहे तशी ठेवणे. तिला पुन्हा नवी करणे म्हणजे दस्तऐवज खरवडून कोऱ्या कागदाचे कौतुक करणे. हे मत मी तंबाखू ओढण्याच्या लाकडी साधनांच्या आधाराने मांडते आहे, कारण घराघरांत सर्वांत बेफिकिरीने ‘साफ’ केल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी त्या आहेत.

५) एक खुलासा आधीच केलेला बरा. वस्तू जपणे म्हणजे व्यसन जपणे नव्हे. तंबाखूने किती घरे उद्ध्वस्त केली हे आपण जाणतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली, तीही योग्यच होती. तलवार जपणारा माणूस कोणाचा गळा कापायला निघत नाही. तसेच गुडगुडी जपणाऱ्याने ती पेटवण्याचे काहीच कारण नाही. किंबहुना जुनी नळी पुन्हा ओढू नये, हा तिच्या निगेचा पहिला नियम आहे.

६) आता थोडे मागे जाऊ. तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून दख्खनेत पसरली. मोगल दरबाराला तिची ओळख झाली तीही दख्खनेकडून. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुरास गेला होता. तेव्हा तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे राज्य होते. असद बेगाने तेथे तंबाखू पाहिली आणि परतताना ती बादशहासाठी नजराणा म्हणून नेली. त्याने लिहून ठेवलेली ही हकीकत आज उपलब्ध आहे.

७) त्या हकीकतीतील तंबाखूपेक्षा नळीचे वर्णन मला अधिक महत्त्वाचे वाटते. असद बेग सांगतो की नळी सुमात्रा बेटावरील अचिनची होती. ती तीन हात लांब होती, उत्तम वाळवलेली आणि रंगवलेली होती आणि तिची दोन्ही टोके रत्नांनी व मिनाकामाने सजवलेली होती. ओठांत धरण्यासाठी त्याने तिला येमेनी अकीक बसवला. नळी ठेवायला चांदीची वेगळी नळकांडी करवून घेतली आणि तिच्यावर जांभळी मखमल चढवली. म्हणजे आपल्या भागातील तंबाखूच्या इतिहासातील अगदी आरंभीच्या एका नोंदीतच लाकडाची झिलई आणि तिला ओरखडा पडू नये यासाठीचे वेष्टन, या दोन्ही गोष्टी हजर आहेत.

८) अकबराने एकदोन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली आणि बादशहाने तो नाद पुढे नेला नाही. त्याच्या मुलाने, जहांगीराने, १६१७ मध्ये तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला. तंबाखू गावोगावी पोहोचली. भाषेत त्याच्या खुणा आजही सापडतात. ‘तंबाखू’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘ताबाको’शी नाते सांगतो, ‘चिलीम’ फारसीतून आली, ‘हुक्का’ हा मूळ अरबी, डबी किंवा कुपी या अर्थाचा. ‘गुडगुडी’ मात्र आपली. पाण्यातून धूर जाताना होणारा आवाजच तिचे नाव झाला.

९) दिंडोरीच्या वाचकांना १६७० चा ऑक्टोबर सांगावा लागत नाही. सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी वणी-दिंडोरीच्या परिसरात दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेला उघड्या मैदानात हरवले. त्या लढाईचे बारकावे आपल्याला मुखोद्गत असतात, असावेतही. पण त्या मैदानाच्या आसपासच्या गावांत माणसे काय खात, कशावर निजत, दिवसभराच्या कष्टानंतर कशाभोवती बसून बोलत, हे सांगणारी साधने तवारिखांत फारशी मिळत नाहीत. ती माळ्यांवर आणि पेट्यांत मिळतात. ती आपण स्वतःच्या हातांनी पॉलिश करतो आहोत, ही माझी तक्रार आहे आणि पहिला आरोप माझ्यावरच आहे.

१०) मुळात त्या दांड्यावर होते तरी काय? बहुधा लाख. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका चिमुकल्या किड्याने स्रवलेली राळ. महाभारतातील लाक्षागृह आपल्याला ठाऊक असते. तीच ही लाख. ती शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात विकली जाते, तिला आपले सुतार चपडा लाख म्हणतात. स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवली की तिचे ‘फ्रेंच पॉलिश’ होते. नाव फ्रेंच, पण त्यातील माल मुख्यतः भारतीय जंगलांतून जात असे.

११) खरादीची रीत याहून वेगळी आणि अधिक देखणी. वाळवलेले लाकूड खरादावर फिरत असते. रंग मिसळलेली लाखेची कांडी त्याला टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या वाळल्या पानाने ती दाबून एकसारखी केली जाते. पानाच्या घासण्यानेच चमक येते. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी आजही अशीच होतात. आपल्याकडे लाखकाम म्हटले की सावंतवाडी आठवते. ब्रश नाही, थेंब नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. जे काही होते ते फिरत्या लाकडावर, काही क्षणांत.

१२) लाखेची एक मर्यादा आहे. सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला ती मऊ पडते, आणि पेटलेला निखारा तर कित्येक शे अंशांचा असतो. मग निखाऱ्यापासून वीतभर अंतरावरचे लाखकाम टिकते कसे? गुडगुडीची रचनाच याचे उत्तर आहे. विस्तव मातीच्या चिलमीत, पाणी खाली करवंटीत आणि लाकूड या दोहोंच्या मध्ये. माती आच अडवते, पाणी धूर थंड करते आणि लाकूड हाताला पकड देते. झिलईला धक्का लागणार नाही अशी जागा कारागिराने आधीच हेरलेली असते.

१३) तुलनेसाठी युरोपातील पाइप पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सेंट-क्लोद या गावी भूमध्य सागराकाठच्या ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीपासून पाइप होऊ लागले. हे लाकूड उष्णता चांगली सोसते. मात्र तेथे विस्तव थेट लाकडाच्या वाटीत असतो. त्यामुळे जाड लाखेचा किंवा वॉर्निशचा थर तापून फुगतो, सुटतो. म्हणून चांगल्या पाइपांना ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण लावतात. ते ८० अंशांच्या पुढे वितळते. नैसर्गिक मेणांत एवढे चिवट क्वचितच दुसरे असेल. तात्पर्य, वस्तू जशी वापरली जाते तशी तिची झिलई ठरते. एकच डबा सर्वांना लावता येत नाही.

१४) आता पट्ट्यांच्या रंगांकडे वळू. जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ वापरण्याची परंपरा होती. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे. दोन्ही विषारी. लाखेत बंदिस्त असेपर्यंत ती शांत असतात. पॉलिश पेपरने घासले की त्यांची भुकटी हवेत उडते आणि श्वासात जाते. सोळाव्या वर्षी मी बंद खोलीत, नाकावर रुमालही न बांधता घासत बसले होते. जुना रंगीत थर कोरडा घासू नये यामागे इतिहासप्रेम हे एक कारण झाले. तुमची फुप्फुसे हे दुसरे.

१५) याच हरताळाने मराठीला एक वाक्प्रचार दिला आहे. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत आणि वर पुन्हा लिहीत. त्यावरून ‘हरताळ फासणे’ म्हणजे केलेले निष्फळ करणे, पुसून टाकणे. गंमत अशी की पोथीतील हरताळाखालची अक्षरे अभ्यासकाला पुष्कळदा ओळखता येतात. मी पॉलिश पेपरने फासलेल्या हरताळाखाली मात्र काहीच उरले नाही. लेखनिकाचा हरताळ अधिक सभ्य होता म्हणायचा.

१६) नेमके काय गेले? पहिली गोष्ट, काळ. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनला पहिला कृत्रिम रंग सापडला आणि त्यानंतरच्या दशकांत स्वस्त कृत्रिम रंग जगभर पसरले. दांड्यावरचा लाल रंग हिंगुळाचा होता की कृत्रिम, हे प्रयोगशाळेत सांगता आले असते आणि त्यावरून गुडगुडीच्या वयाचा अदमास बांधता आला असता. दुसरी गोष्ट, दुरुस्त्या. लाखेवर अतिनील प्रकाश टाकला की ती नारिंगी छटेने उजळते. नंतर लावलेले वॉर्निश वेगळे दिसते. म्हणजे वस्तूला हातही न लावता तिच्यावर किती वेळा आणि कोठे काम झाले हे कळू शकते.

१७) तिसरी गोष्ट, माणूस. दांड्यावर कोणत्या बाजूने झिलई अधिक घासली गेली आहे यावरून धरणारा हात उजवा की डावा याचा तर्क करता येतो. चौथी गोष्ट, नळीच्या आतला काळा कीट. आपल्याला तो किळसवाणा वाटतो. पण उत्खननात सापडलेल्या पाइपांतील अशाच अवशेषांच्या परीक्षणातून त्यांत काय ओढले जात होते हे शास्त्रज्ञ ठरवतात. मी तारेला चिंधी गुंडाळून नळी आतूनही लख्ख केली होती. गुडगुडी कोणत्या गावच्या खराद्याने केली हे सांगणारे आमच्या घरी आज कोणी नाही. सांगू शकली असती तर ती वस्तूच. तिचेच तोंड मी बंद केले.

१८) यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कारागीर स्वतः जुन्या वस्तूंना पुन्हा लाख चढवत, देवाचे मुखवटे दरवर्षी रंगवले जातात. मग आम्हीच हात का आखडावा? नाशिकच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांत बोहाड्याचे मुखवटे नाचवण्यापूर्वी रंगवतात, ते योग्यच आहे. तो मुखवटा अजून चालत्या परंपरेत आहे. रंगवणे हा त्या परंपरेचाच भाग आहे आणि रंगवणाऱ्याला काय, कधी, कोणत्या रंगात हे ठाऊक असते. माझ्या पणजोबांची गुडगुडी परंपरेतून बाहेर पडून साठ-सत्तर वर्षे झाली होती. मी खरादी नव्हते, ओढणारी नव्हते. माझ्याकडे होता तो केवळ उत्साह आणि वॉर्निशचा डबा.

१९) दुसरा आक्षेप असा की वरचा थर काढल्यावर आतले मूळ रूप दिसते, मग तो काढण्यात वाईट काय? याचे उदाहरण आमच्या दाराशीच आहे. दिंडोरीहून वणीमार्गे सप्तशृंगगडावर जाता येते. देवीच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे शेंदुराचे लेप चढून जाड कवच झाले होते. २०२२ मध्ये ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवण्यात आले. त्यासाठी सुमारे दीड महिना गाभाऱ्यातील दर्शन बंद ठेवले होते. नवरात्रापूर्वी मूर्तीचे जे रूप दिसले ते पाहून अनेकांचे डोळे भरून आले. म्हणजे थर कधीच काढू नये असे माझे म्हणणे नाही.

२०) फरक पाहा. तेथे आधी मूर्तीची स्थिती तपासली गेली, जाणकारांचा सल्ला घेतला गेला, धार्मिक विधी पाळले गेले आणि मगच हात लागला. निर्णय एकट्याचा नव्हता, एका दुपारचाही नव्हता. आपल्या घरातील नळी म्हणजे देवीची मूर्ती नव्हे, हे मान्य. पण आधी पाहणे, मग विचारणे, मग नोंदवणे आणि शेवटी, गरज असेल तरच, हात लावणे हा क्रम दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. मी शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली होती.

२१) आता प्रत्यक्ष निगेविषयी. तुमच्या घरी लाकडी नळी, चिलीम, पाइप किंवा लाखेचे काम असलेली कोणतीही वस्तू असेल तर सर्वप्रथम छायाचित्रे काढा. सगळ्या बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवसाच्या तिरप्या उजेडात. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारून ती कोणाची, कोठून आली, कधी बंद झाली हे तारखेसह लिहून ठेवा. यास एक पैसाही लागत नाही आणि यात काही बिघडण्याचा धोकाही नाही. आजीला मी आधी विचारले असते तर दातांच्या खाचा कशाच्या आहेत हे तिने सांगितले असते.

२२) धूळ मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने झाडा. थर पापुद्र्यांनी सुटत असेल तर तेही करू नका. पाण्याने धुऊ नका. ओल आणि उष्णता लागली की लाखेवर पांढुरके डाग पडतात. स्पिरिट, अत्तर आणि हातांना लावायचे सॅनिटायझर यांपासून वस्तू दूर ठेवा. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे ओल्या सॅनिटायझरच्या हाताने उचललेल्या दांड्यावर तुमच्या बोटांचे ठसे कायमचे उमटू शकतात. लिंबू, चिंच, राख हे पितळेचे उपाय. लाकडाला ते वैरी आहेत.

२३) तेलाचा मोह आवरा. जवसाचे तेल हवेत सुकून घट्ट पापुद्रा धरते. खोबरेल तसे सुकत नाही, चिकट राहते आणि धूळ ओढून घेते. म्हणून ‘लाकूड कोरडे पडले आहे, थोडे खोबरेल चोळू’ हा घरगुती उपाय दोन वर्षांनी काळा चिकटा बनून पुढे येतो. जवसाचे तेलही लाखेवर चढवू नका. सुकलेला पापुद्रा काढताना खालची लाख निघते. आणि बाजारातील पॉलियुरेथेन वॉर्निशाचा थर एकदा धरला की साध्या स्पिरिटने सुटत नाही. जुनी लाख निदान स्पिरिटने पुन्हा मऊ तरी होते. संवर्धनशास्त्राचे एक मूळ सूत्र आहे : जे कराल ते पुढे कोणाला तरी उलटवता आले पाहिजे. वॉर्निशचा डबा या कसोटीस उतरत नाही.

२४) ठेवण्याची जागा निगेइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या भागात पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. लाकूड फुगते, आखडते. लाख तेवढी हलत नाही, म्हणून ती तडकते. तेव्हा माळा नको, खिडकी नको, स्वयंपाकघर नको. आतल्या खोलीतले कपाट बरे. वस्तू धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळा. प्लास्टिकची घट्ट पिशवी, वर्तमानपत्राचा कागद आणि रबरबँड टाळा. लाकडाखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर कीड आहे असे समजा आणि ती वस्तू इतर लाकडी वस्तूंपासून त्वरित वेगळी ठेवा. असद बेगाची मखमल आपल्याला परवडणार नाही, मांजरपाट परवडेल.

२५) याहून अधिक काही करावेसे वाटले तर तज्ज्ञाला विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. संवर्धक कसे काम करतात याची एक गंमत सांगते. कापसाच्या बोळ्यावर किंचित लाळ घेऊन पृष्ठभाग पुसण्याची रीत जगभरातील संवर्धकांना ठाऊक आहे, कारण लाळेतील विकरे मळ हलकेच सोडवतात. मात्र कोठे, किती आणि कधी थांबायचे हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने कळते. त्यामुळे हा प्रयोग घरी करू नका. ओठांना जुनी नळी आणि तिच्यावरचे रंग लागता कामा नयेत, हे वर आलेच आहे.

२६) ‘एवढी काळजी घ्यायला ती काही राजाची वस्तू नाही’ असे कोणी म्हणेल. पुण्यातील दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे अशा नित्याच्या वस्तू जमवल्या आणि आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारून ती ठेव १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हाती दिली. त्या दालनांतून फिरताना साध्या माणसांचे जगणे डोळ्यांपुढे उभे राहते. ते उभे राहते याचे कारण तेथील वस्तूंवर वापराच्या खुणा आहेत. अडकित्त्याची मूठ झिजलेली आहे, दिव्यावर काजळी आहे. त्या सगळ्या घासून चमकवल्या असत्या तर ते दालन आणि भेटवस्तूंचे दुकान यांत फारसा फरक राहिला नसता.

२७) आपण तरुण इतिहासप्रेमी मंडळी गडांवरच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांना खडसावतो, आणि ते उचितच आहे. पण भिंतीवर नाव कोरणारा जुन्या खुणेवर नवी खूण घालतो. पॉलिश पेपर घेणारा जुनी खूणच काढून टाकतो. पहिला निदान पकडला तरी जातो. दुसऱ्याचे घरात कौतुक होते, समाजमाध्यमांवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे लावून त्याला शाबासकी मिळते. अशी जोडी पुढच्या वेळी दिसली तर ‘नंतर’च्या चमकीवर भाळण्यापूर्वी ‘आधी’चे छायाचित्र मोठे करून पाहा आणि मध्ये काय गेले ते शोधा.

२८) आमची गुडगुडी आता मांजरपाटात गुंडाळून आतल्या खोलीतील कपाटात आहे. वॉर्निश काढण्याचा प्रयत्न मी केला नाही. एका चुकीवर दुसरी चढवण्यापेक्षा ती तशीच राहू देणे बरे. तिच्याबरोबर एक वही ठेवली आहे. तीत मी जे केले ते तारखेसह लिहिले आहे, आणि आजीने सांगितले तसे खाचांचे चित्र काढले आहे : दोन खाचा, डावीकडची थोडी अधिक खोल. मामंजी नळी डाव्या बाजूला धरत, असे ती म्हणाली. ही माहिती कोणत्याही तवारिखेत नाही. ती आता एका वहीत आहे आणि या धाग्यात आहे. तुमच्या माळ्यावर काय आहे ते उतरवा, पाहा, विचारा, लिहून ठेवा. पॉलिश पेपर मात्र दुकानातच राहू द्या.